फुगलेल्या पेशींचा माग काढणाऱ्या लुसी विल्स

लुसी विल्स यांचा जन्म १८८८ चा, इंग्लंडमधला. केंब्रिजला वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्र शिकून झाल्यावर दक्षिण आफ्रिकेत असताना त्यांना फ्रॉइडच्या विचारांत रस वाटू लागला. परतल्यावर त्या वैद्यकाकडे वळल्या आणि १९२० मध्ये डॉक्टर झाल्या. मनाच्या आजारांऐवजी त्यांच्या वाट्याला आली रक्ताची प्रयोगशाळा. १९२८ मध्ये त्या मुंबईत, परळच्या हाफकिन संस्थेत पोचल्या.

गिरण्यांत राबणाऱ्या गरीब गर्भवतींना तेव्हा जीवघेणा पंडुरोग होत असे. त्यांच्या तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या आणि कच्च्या असत. लोह कमी पडले तर पेशी लहान होतात, त्यामुळे हे दुखणे निराळे होते. विल्स यांनी बायकांच्या ताटाकडे पाहिले. भाजी, फळे, प्रथिने जवळजवळ नव्हतीच. उंदीर आणि माकडांवर प्रयोग करून त्यांनी यीस्टचा स्वस्त अर्क, मार्माईट, रुग्णांना दिला. बायका बऱ्या झाल्या. १९३१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अर्कातला तो घटक म्हणजे फोलेट. पुढे १९४१ मध्ये तो पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला, तर १९४५ मध्ये येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने तो अमेरिकेत कृत्रिमरीत्या बनवला.

फोलेट नसेल तर पेशीला नवा डीएनए बनवता येत नाही. ती फुगते, पण वेळेवर विभागत नाही. मेंदूलाही फोलेट लागते. १९६१ मध्ये व्हिक्टर हर्बर्ट या अमेरिकी डॉक्टरने फोलेटविरहित आहार स्वतःवरच आजमावला. काही महिन्यांत झोप उडाली, विसराळूपणा आला, चिडचिड वाढली. फॉलिक अ‍ॅसिड घेताच मन ताळ्यावर आले. नैराश्याच्या अनेक रुग्णांत फोलेट कमी आढळते. अर्थात उदास माणूस जेवतही कमी, त्यामुळे आधी काय घडले हे प्रत्येक वेळी सांगता येत नाही.

हिंगोली जिल्ह्यातल्या आरोग्य केंद्रात गर्भवतींना मिळणाऱ्या लोहाच्या गोळीत हेच फॉलिक अ‍ॅसिड असते. मेथी, पालक, हरभरा यांतूनही ते मिळते, मात्र भाजी फार शिजवली की बरेचसे जाते. एक सावधगिरी हवी. बी-१२ कमी असताना नुसते फॉलिक अ‍ॅसिड घेतले, तर रक्त सुधारते, पण नसांची हानी चालूच राहते. म्हणून आधी तपासणी करावी.

विल्स लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात सायकलने कामावर जात. १९४७ मध्ये निवृत्त झाल्यावरही त्या जमैका, फिजी इथे पोषण आणि पंडुरोगाचाच अभ्यास करीत राहिल्या. एप्रिल १९६४ मध्ये त्यांचे निधन झाले.