सोइचिरो होंडा

सोइचिरो होंडा (१७ नोव्हेंबर, १९०६ - ५ ऑगस्ट, १९९१) हे जपानी अभियंते आणि होंडा मोटर कंपनीचे संस्थापक होते. त्यांचे नाव मोटारसायकलींमुळे जगभर पोहोचले. परंतु त्यांच्या कंपनीची पहिली प्रवासी मोटार ही चक्क दोन आसनांची स्पोर्ट्स कार होती, हे अनेकांना ठाऊक नसते.

जडणघडण

शिझुओका प्रांतातील हामामात्सूजवळच्या कोम्यो या खेड्यात त्यांचा जन्म झाला. वडील गिहेई लोहारकाम व सायकलदुरुस्ती करीत. १९२२ मध्ये होंडा टोकियोतील आर्ट शोकाई या मोटारदुरुस्तीच्या दुकानात उमेदवारीला लागले. पहिले काही महिने मालकांचे मूल सांभाळण्यातच गेले. १९२३ च्या महाभूकंपानंतर बहुतेक कामगार गावी परतले आणि हत्यारे त्यांच्या हाती आली.

मालक युझो साकाकिबारा यांना शर्यतींचा नाद होता. कर्टिस विमानाचे जुने इंजिन अमेरिकी मिचेल मोटारीच्या सांगाड्यावर बसवून या दुकानाने शर्यतीची गाडी सिद्ध केली. १९२४ मध्ये ती शर्यत जिंकली, तेव्हा चालकाशेजारी मेकॅनिक म्हणून होंडा बसले होते. दुसऱ्याने बनवलेले यंत्र घ्यावे, उघडावे आणि अधिक वेगवान करावे, ही त्यांची खरी शाळा.

१९२८ मध्ये त्यांनी हामामात्सू येथे दुकानाची शाखा उघडली. फोर्डच्या इंजिनात फेरफार करून स्वतः गाडी तयार केली आणि १९३६ मध्ये तामागावा येथील शर्यतीत उतरवली. तेथे भीषण अपघात झाला. त्यात सोबत बसलेले धाकटे बंधू बेंजिरो जबर जखमी झाले.

उद्योग

पिस्टन रिंग बनवण्याचा त्यांचा कारखाना १९४५ च्या भूकंपात कोसळला. त्याचे अवशेष टोयोटाला विकून १९४६ मध्ये त्यांनी लष्कराची उरलेली छोटी इंजिने सायकलींना जोडण्यास आरंभ केला. १९४८ मध्ये कंपनी स्थापन झाली. पुढील वर्षी आलेले ताकेओ फुजिसावा यांनी पैसा व विक्री सांभाळली. या जोडीविना होंडा कदाचित कुशल मिस्त्रीच राहिले असते.

स्पोर्ट्स कार

साठच्या दशकारंभी नव्या कंपन्यांना मोटारनिर्मितीत येऊ न देणारा कायदा करण्याचा जपानी व्यापारमंत्रालयाचा विचार होता. तो संमत होण्याआधी मोटारनिर्माते म्हणून उभे राहणे होंडांना भाग होते. (विधेयक पुढे बारगळले.) तांबडा रंग तेव्हा अग्निशामक गाड्यांसाठी राखीव होता, त्याच रंगाची मोटार विकण्यासाठीही कंपनीला सरकारशी झगडावे लागले. ऑगस्ट १९६३ मध्ये टी३६० हा छोटा ट्रक आणि ऑक्टोबरमध्ये एस५०० ही स्पोर्ट्स कार बाजारात आली. किंमत होती ४,५९,००० येन.

अवघ्या ५३१ घनसेंटिमीटरच्या तिच्या चार सिलिंडरी इंजिनाला चार कार्ब्युरेटर होते आणि ते मिनिटाला ८,००० फेरे घेई. मागच्या प्रत्येक चाकाला मोटारसायकलीप्रमाणे स्वतंत्र साखळी होती. १९६४ मध्ये एस६०० आणि १९६६ मध्ये ७९१ घनसेंटिमीटरची एस८०० आली. एस८०० मध्ये पुढे साखळी जाऊन नेहमीचा ॲक्सल आला. तिचे उत्पादन १९७० मध्ये थांबले.

१९६५ मध्ये मेक्सिको येथे होंडाच्या गाडीने फॉर्म्युला वनमधील आपला पहिला विजय मिळवला. मात्र हवेने थंड होणाऱ्या इंजिनाचा होंडांचा हट्ट महागात पडला. १९६८ मध्ये रुआँ येथील शर्यतीत तशा गाडीच्या अपघातात जो श्लेसर हा चालक मृत्युमुखी पडला.

उत्तरायुष्य

१९७३ मध्ये होंडा व फुजिसावा एकदमच निवृत्त झाले. १९८४ मध्ये कंपनीने पुण्याच्या फिरोदिया कुटुंबाच्या कायनेटिक समूहाशी सहकार्य केले. त्यातून आलेली कायनेटिक होंडा ही गिअर न बदलता चालणारी स्कूटर देवरूखसारख्या चढउतारांच्या गावी केवढी सोयीची, हे कोकणातल्या वाचकाला सांगायला नको. टोकियो येथे यकृताच्या विकाराने होंडांचे निधन झाले.

जुन्या गाड्यांचे जतन

एस मालिकेतील गाड्या आज संग्राहक शोधून घेतात. अशी गाडी प्रथमच घेणाऱ्याने रंगापेक्षा पत्र्याचा गंज आधी पाहावा. त्यानंतर साखळ्यांच्या पेट्यांतील तेल. क्रँकशाफ्ट रोलर बेअरिंगांवर फिरणारा व तुकड्यांनी जोडलेला असल्याने त्याचे काम साध्या गॅरेजात होत नाही. चारही कार्ब्युरेटर एका तालात आणणे, हेही सरावाचेच काम. एस६०० मध्ये एस८०० चे मोठे इंजिन बसवल्यास गाडीचा जोर वाढतो. संग्राहक मात्र मूळ क्रमांकाच्या इंजिनालाच अधिक मोल देतात. इंजिन बदललेच, तर मूळ इंजिन जपून ठेवावे.