डॉक्टर गिल्डर

मुंबईचे डॉक्टर मंचेरशा गिल्डर हे पारशी गृहस्थ. शस्त्रवैद्यकाची एफ. आर. सी. एस. ही कठीण पदवी त्यांनी मिळविली होती. पण लौकिक झाला तो हृदयरोगाचे निष्णात म्हणून.

१९३७ साली बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळात आरोग्य व अबकारी ही खाती त्यांजकडे आली. १९३९ च्या ऑगस्टात मुंबई शहरात दारूबंदी सुरू झाली. ताडी-दारूचा व्यापार पुष्कळ पारशी कुटुंबांच्या हाती; तेव्हा रोष झाला तो स्वकीयांचाच! गिल्डर मात्र मागे सरले नाहीत. त्याच वर्षी युद्धाच्या प्रश्नावरून मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

१९४२ च्या चळवळीत ते येरवड्यास बंदिवासात पडले. १९४३ च्या फेब्रुवारीत गांधीजींनी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये २१ दिवसांचे उपोषण आरंभिले, तेव्हा सरकारने या बंदिवान डॉक्टरांनाच तेथे नेले. रोगीही कैदी आणि वैद्यही कैदी! मध्यंतरी प्रकृती फार ढासळली. परंतु गांधीजी त्यातून तरले. पुढे त्याच वाड्यात कस्तुरबा आजारी पडल्या. गिल्डर जवळच होते. पण येथे त्यांच्या विद्येचा इलाज चालला नाही. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबांनी देह ठेवला.

१९४६ साली गिल्डर पुन्हा मुंबई प्रांताचे आरोग्यमंत्री झाले.