सोमवारपासून नक्की!

होस्टेलवर व्यायाम नेहमी सोमवारपासूनच सुरू होतो आणि बुधवारी सबमिशन आडवं येतं! मेसचं जेवण बेकार, जिमला पैसे नाहीत, सोबतीला कुणी नाही. कारणांची आपल्याकडे काय कमी?

शिवराम हरी राजगुरू यांच्याकडे तर याहून मोठी कारणं होती. २४ ऑगस्ट १९०८ रोजी पुणे जिल्ह्यातल्या खेडला त्यांचा जन्म झाला. लहानपणीच वडील गेले. इंग्रजी जमेना, घरी बोलणी बसली, म्हणून पंधराव्या वर्षाच्या आसपास घर सोडलं. काशीला पोचून ते संस्कृत शिकू लागले. राहण्या-जेवण्याची चिंता रोजचीच. तरी लाठी अन् कुस्ती सुटली नाही. व्यायामाचं रीतसर शिक्षण घ्यायला ते आपल्या अमरावतीत आले, वैद्य बंधूंनी १९१४ साली सुरू केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात. इथं शिकवणारे मिळाले, बरोबरीचे गडीही मिळाले. काशीच्या शाळेत तर ते ड्रिल मास्तर होते. दुसऱ्यांना शिकवायचं म्हटल्यावर स्वतःला दांडी मारता येत नाही!

ते कमावलेलं शरीर देशाच्या कामी आलं. २३ मार्च १९३१ रोजी भगतसिंग, सुखदेव यांच्यासोबत ते लाहोरला फासावर गेले. वय अवघं २२, म्हणजे आपल्या फायनल इयरचं.

सूर्यनमस्काराला सतरंजीएवढी जागा पुरते, पैसे लागत नाहीत. उद्या पहाटे रूमपार्टनरला उठवा. तो उठला की तुम्हालाही परत झोपता येणार नाही.