कुलपातून स्प्रिंग काढणारा माणूस

लालबाग म्हटलं की आपल्याला राजा आठवतो, नाहीतर चिवडा गल्ली. पण मित्रांनो, आपल्या घरोघरच्या कुलपाचा जन्मही तिथलाच! ७ मे १८९७ रोजी अर्देशीर बुर्जोरजी गोदरेज यांनी लालबागला गॅस कंपनीशेजारच्या २१५ चौरस फुटांच्या शेडमध्ये कुलपं बनवायला घेतली.

गृहस्थ मूळचे वकील. जन्म १८६८चा. १८९४ मध्ये एका खटल्यासाठी झांझिबारला गेले, पण अशिलाची बाजू खरी आहे अशी खात्री पटेना, तर वकिलीच सोडून परत आले. मग शस्त्रक्रियेची हत्यारं बनवली. माल उत्तम, पण त्यावर भारतात बनल्याचा शिक्का नको, असं घेणाऱ्याचं म्हणणं. हे ऐकेनात. धंदा बसला. (आपल्यातले निम्मे जण शिक्का पुसून मोकळे झाले असते.)

त्या दिवसांत मुंबईत घरफोड्या वाढल्या होत्या. मेरवानजी कामांकडून पैसे उसने घेऊन अर्देशीर कुलपांकडे वळले. तेव्हाच्या कुलपात लिव्हर दाबून धरायला स्प्रिंग असे. ती गंजली, तुटली की चावी बरोबर असूनही कुलूप बेकार. यांनी स्प्रिंगच काढून टाकली!

मला हे फार पटतं, कारण आज हॉस्टेल-लॅबच्या दारांना नेटवर्कवरची कार्डची कुलपं बसतायत आणि त्यांतला दगा देणारा भाग म्हणजे पॉवर सप्लाय. वीज गेली की चुंबकी कुलूप सुटतं, म्हणून बॅटरी जोडतात. पण आग लागली तर तीच बॅटरी दार धरून ठेवणार, आणि माणसं आत! म्हणून फायर अलार्मच्या रिलेने बॅटरीच्या पुढची, थेट कुलपाकडे जाणारी लाइनच तोडली पाहिजे. सर्व्हरला विचारत बसायचं नाही. शिवाय आतून दाबायचं बटणही ती लाइनच तोडणारं हवं.

तारेचाही हिशोब करा. कुलूप १२ व्होल्ट, अर्धा अँपिअर. सप्लाय ३० मीटरवर. म्हणजे जाऊन-येऊन ६० मीटर. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत साधारण एक व्होल्ट वाटेतच जातो. त्याच तारेवर दुसरं दार टाकलं की दोन. चुंबकाची पकड ढिली पडते आणि दोष कार्डाला! तार जाड घ्या, दर दाराला वेगळा फ्यूज, कॉइलवर उलटा डायोड, पेटीला अर्थिंग. मेनची बाजू मात्र परवानाधारक वायरमनच करणार.

अर्देशीरनी १९०२ मध्ये तिजोऱ्या सुरू केल्या, आगीत टिकणाऱ्या. १९४४च्या गोदी स्फोटानंतर मुंबईत त्यांचं नाव आणखी झालं, कारण आगीतून निघालेल्या तिजोऱ्यांमधले कागद शाबूत होते. तिजोरीने आगीत बंद राहायचं, खोलीने उघडायचं, एवढाच फरक.

ते बघायला अर्देशीर नव्हते. कारभार धाकटे भाऊ पिरोजशांकडे सोपवून ते नाशिकला शेती करायला गेले होते. १९३६ साली वारले. कारखाना पुढे विक्रोळीला गेला.