भास्कराचार्य : अव्यक्ताचे गणित

प्रस्तावना

बीजगणित म्हटले की अनेकांच्या मनात धास्ती निर्माण होते. अंकांच्या जोडीला अक्षरे कशासाठी आणायची, एका राशीखाली दुसरी राशी मांडून त्यांतील सामाईक अवयव का काढून टाकायचे, आणि छेद शून्य होऊ नये याची खबरदारी का घ्यायची, असे प्रश्न शिकणाऱ्याला पडतात. हे प्रश्न आजचे नाहीत. सुमारे पावणेनऊशे वर्षांपूर्वी सह्याद्रीच्या परिसरातील एका पंडिताने त्यांचा सखोल विचार केला होता. त्या भास्कराचार्यांचे जीवन आणि कार्य यांचा परिचय आपण या पाठात करून घेणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :
• भास्कराचार्यांच्या जीवनाची व ग्रंथांची माहिती सांगता येईल.
• अपूर्णांक व बैजिक राशी यांना संक्षिप्त रूप देण्यामागील विचार स्पष्ट करता येईल.
• शून्याने भागण्यात कोणती अडचण आहे, ते उदाहरणाने सांगता येईल.
• ज्ञान टिकवण्यासाठी समाजाने केलेल्या प्रयत्नांचे महत्त्व जाणता येईल.

मूळ पाठ

जन्म आणि घराणे

प्राचीन भारतीय ग्रंथकारांनी स्वतःविषयी फारच थोडे लिहून ठेवले आहे. भास्कराचार्य मात्र याला सुखद अपवाद आहेत. आपला जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इ. स. १११४ मध्ये झाला आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी आपण ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा ग्रंथ रचला, असे त्यांनी स्वतःच नोंदवले आहे. त्यांचे घराणे शांडिल्य गोत्राचे. सह्य पर्वताच्या आश्रयाने वसलेले विज्जडविड हे त्यांचे नगर. हे नगर नेमके कोणते, याविषयी विद्वानांत मतभेद असले, तरी जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळचे पाटण हे गाव या घराण्याशी निगडित होते, यास शिलालेखाचा भक्कम आधार आहे.

या घराण्यात विद्येची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. भास्कराचार्यांचे पिता महेश्वर हे ज्योतिषशास्त्राचे जाणकार होते आणि तेच त्यांचे गुरूही होते. घरातच गुरू लाभल्यामुळे ग्रहगतीची आकडेमोड, पंचांगाची गणिते आणि पूर्वसूरींचे ग्रंथ यांच्या सहवासात त्यांचे बालपण गेले.

सिद्धान्तशिरोमणी

इ. स. ११५० मध्ये पूर्ण झालेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’चे चार भाग आहेत : ‘लीलावती’, ‘बीजगणित’, ‘ग्रहगणित’ आणि ‘गोलाध्याय’. पहिल्या भागात व्यक्त, म्हणजे ज्ञात संख्यांचे गणित आहे; दुसऱ्यात अव्यक्त, म्हणजे अज्ञात संख्यांचे गणित आहे; उरलेल्या दोहोंत ग्रहांच्या गतीचा आणि खगोलाचा विचार आहे. हे सारे लेखन संस्कृत पद्यात आहे. पद्य संक्षिप्त असते आणि त्याचा अर्थ सहज उलगडत नाही, हे जाणून त्यांनी आपल्या ग्रंथावर स्वतः गद्यात स्पष्टीकरणही लिहिले.

आपल्या आधी ब्रह्मगुप्त, श्रीधर आणि पद्मनाभ यांनी बीजगणित लिहिले आहे; त्या विस्तृत ग्रंथांतील सार आपण शिष्यांच्या समाधानासाठी एकत्र केले आहे, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. पूर्वसूरींचे ऋण मान्य करण्याची ही वृत्ती त्यांच्या विद्वत्तेला शोभून दिसते.

‘लीलावती’ या नावाभोवती एक आख्यायिका गुंफलेली आहे. लीलावती ही भास्कराचार्यांची कन्या होती, तिच्या विवाहाचा मुहूर्त चुकला आणि तिचे दुःख हलके करण्यासाठी पित्याने हा ग्रंथ लिहिला, असे ती सांगते. ही कथा अकबराच्या दरबारातील कवी फैजी याने १५८७ मध्ये केलेल्या फारसी अनुवादाच्या प्रस्तावनेत येते. भास्कराचार्यांच्या मूळ ग्रंथात ती नाही. ग्रंथातील अनेक उदाहरणे मात्र एका बुद्धिमती बालेला उद्देशून विचारलेली आहेत, हे खरे.

कृपणाचे दान

शिकणाऱ्याला गणित रुक्ष वाटू नये, याची भास्कराचार्यांनी विशेष काळजी घेतली. ‘लीलावती’त एका कृपणाचे उदाहरण आहे. त्याने याचकाला दान दिले ते असे : एका द्रम्माचा अर्धा भाग, त्याचा दोनतृतीयांश, त्याचा तीनचतुर्थांश, त्याचा एकपंचमांश, त्याचा सोळावा हिस्सा आणि त्याचाही चौथा हिस्सा. तर त्याने किती कवड्या दिल्या?

पहिल्या तीन अपूर्णांकांचा गुणाकार करताना अंशातील २ छेदातील २ बरोबर जातो, ३ बरोबर ३ जातो आणि एकचतुर्थांश उरतो. त्याला क्रमाने ५, १६ आणि ४ यांनी भागले, की द्रम्माचा १२८० वा भाग मिळतो. त्या काळच्या कोष्टकाप्रमाणे २० कवड्यांची एक काकिणी, ४ काकिण्यांचा एक पण आणि १६ पणांचा एक द्रम्म होत असे. म्हणजे एका द्रम्माच्या १२८० कवड्या. एवढा हिशेब करून त्या कृपणाने याचकाच्या हातावर ठेवली ती केवळ एक कवडी! लांबलचक अपूर्णांकामागे दडलेले सत्य त्याला संक्षिप्त रूप दिल्यावरच उघड होते, हा धडा विद्यार्थी हसत हसत शिकत असे.

अव्यक्ताची चिन्हे

ज्ञात संख्यांवरील हेच संस्कार अज्ञात संख्यांवरही करता येतात, हे ‘बीजगणित’ या भागाचे सूत्र आहे. अज्ञात संख्येला भास्कराचार्य ‘यावत्तावत्’ म्हणत आणि ‘या’ असे लिहीत. अज्ञात संख्या एकाहून अधिक असल्या, तर काळा, निळा, पिवळा अशा रंगांच्या नावांची आद्याक्षरे वापरली जात. ज्ञात संख्येला ‘रूप’ म्हणत व तिच्यासाठी ‘रू’ लिहीत. ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब देण्यात येई. छेद अंशाच्या खाली मांडला जाई. मध्ये आडवी रेघ मात्र नसे.

या चिन्हांची बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, वर्ग आणि वर्गमूळ असे सहा संस्कार त्यांनी क्रमवार शिकवले. त्यांचे एक उदाहरण आजच्या पद्धतीने असे मांडता येईल. अज्ञात संख्या ‘य’ मानू. (५य − १) या राशीला (३य + २) या राशीने गुणले असता १५ यवर्ग + ७य − २ ही राशी मिळते. आता हाच गुणाकार भाज्य समजून त्याला (३य + २) ने भागले, तर (५य − १) ही मूळ राशी परत मिळते. म्हणजेच अंशाचे अवयव पाडावेत आणि अंश व छेद यांतील सामाईक अवयव काढून टाकावा. परिमेय बैजिक राशीला संक्षिप्त रूप देण्याची जी रीत आज शाळेत शिकवली जाते, तिचे मर्म यात आहे.

शून्याने भागले तर?

सामाईक अवयव काढून टाकताना एक प्रश्न उभा राहतो : तो अवयवच शून्य असेल तर काय? भास्कराचार्यांनी या प्रश्नाला बगल दिली नाही. ज्या राशीचा छेद शून्य आहे, तिला त्यांनी ‘खहर’ असे नाव दिले. ‘ख’ म्हणजे शून्य आणि ‘हर’ म्हणजे भाजक. अशा राशीत काही मिळवले किंवा तिच्यातून काही वजा केले, तरी ती बदलत नाही, असे सांगून त्यांनी तिची तुलना अनंत अशा परमेश्वराशी केली.

‘लीलावती’त त्यांनी याही पुढे जाऊन एक कोडे घातले. एका संख्येला शून्याने गुणले, त्यात त्या गुणाकाराचा अर्धा भाग मिळवला, बेरजेला ३ ने गुणले आणि शेवटी शून्याने भागले. उत्तर ६३ आले, तर मूळ संख्या कोणती? त्यांच्या मते पुढे आणखी संस्कार करावयाचे असतील, तर शून्याने गुणलेली राशी लगेच शून्य मानू नये. शून्य हा गुणक आणि शून्य हाच भाजक आला, तर मूळ राशी तशीच राहते. त्याप्रमाणे संख्येच्या साडेचारपट ६३ होतात आणि उत्तर १४ येते.

आजचे गणित हा नियम स्वीकारत नाही. ५ ला शून्याने गुणले काय आणि ७ ला गुणले काय, उत्तर शून्यच. दोन्हींकडून शून्य काढून टाकण्याची मुभा दिली, तर ५ आणि ७ समान ठरतील! म्हणूनच सामाईक अवयव शून्य नसेल तरच तो काढावा, असा दंडक आहे. शून्याने भागाकार करता येत नाही, हेच त्याचे कारण. मात्र शून्याच्या जागी शून्याच्या अगदी जवळची, पण शून्य नसलेली संख्या घेतली, तर ती अंश व छेद यांतून रीतसर निघून जाते आणि उत्तर १४ च येते. पुढे युरोपात विकसित झालेल्या सीमेच्या कल्पनेशी या विचाराचे नाते जुळते. भास्कराचार्यांचा नियम अपुरा होता; पण त्यांनी विचारलेला प्रश्न अचूक होता.

पाठगत प्रश्न १
१. ‘सिद्धान्तशिरोमणी’ या ग्रंथाचे चार भाग कोणते?
२. ‘खहर’ म्हणजे काय?
३. कृपणाने याचकाला प्रत्यक्षात किती दान दिले?

उत्तराची पारख

मिळालेले प्रत्येक उत्तर ग्राह्य असतेच असे नाही, हेही त्यांनी शिकवले. एका कळपातील वानरांच्या पाचव्या हिश्श्यातून ३ वजा करून जेवढे उरले, त्यांच्या वर्गाइतके वानर गुहेत गेले आणि एक वानर फांदीवर दिसला. तर एकूण वानर किती? या उदाहरणाची ५० आणि ५ अशी दोन उत्तरे निघतात. परंतु ५ चा पाचवा हिस्सा १. त्यातून ३ वजा केल्यास ऋण संख्या येते. ऋण वानर व्यवहारात कोणी मानणार नाही. म्हणून दुसरे उत्तर त्यांनी सोडून दिले. गणिताची कृती पूर्ण झाली तरी विवेकाचे काम उरतेच, हे यातून दिसते.

त्यांची बुद्धी अवघड वाटांनीही लीलया चाले. ज्या वर्गसंख्येला ६१ ने गुणून १ मिळवला असता पुन्हा पूर्ण वर्गच मिळतो, तिचे सर्वांत लहान मूळ २२,६१,५३,९८० आहे. चक्रवाल पद्धतीने हे उत्तर त्यांनी काढले. पुढे १६५७ मध्ये फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने हेच उदाहरण युरोपातील गणितज्ञांना आव्हान म्हणून घातले.

एवढे सामर्थ्य असूनही चिन्हांचे स्तोम त्यांनी माजवले नाही. खरे बीज म्हणजे बुद्धीच. अक्षरे ही केवळ तिची साहाय्यक असून ज्यांना विषय लवकर उमगत नाही त्यांच्या बोधासाठी ती योजली आहेत, असे त्यांचे मत होते. वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, इ. स. ११८३ मध्ये, त्यांनी ‘करणकुतूहल’ हा ग्रहगणित सुलभ करणारा ग्रंथ रचला. उतारवयातही ज्ञान सोपे करून सांगण्याची त्यांची तळमळ कमी झाली नव्हती.

ज्ञानाचा वारसा

ग्रंथ लिहिला म्हणजे तो टिकतोच असे नाही. तो शिकवणारे आणि शिकणारे हवेत. भास्कराचार्यांचे पुत्र लक्ष्मीधर यांना यादव राजा जैत्रपाल याने आपल्या पदरी घेतले. नातू चांगदेव हे सिंघण यादवाचे प्रमुख ज्योतिषी झाले. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्यापन व्हावे, यासाठी चांगदेवांनी पाटण येथे मठ स्थापन केला. त्या परिसरातील निकुंभ घराण्याने या मठास इ. स. १२०७ मध्ये दान दिले. हे सारे तेथील शिलालेखात कोरलेले आहे. लेखाचा बराच भाग संस्कृतात असला, तरी शेवटच्या ओळी तत्कालीन मराठीत आहेत. पाटणच्या बाजारात विक्रीस येणाऱ्या मालावरील राजाचे उत्पन्न मठाला दिल्याची नोंद त्यांत आढळते. बाजारात माल घेणाऱ्या सामान्य माणसाचाही गणिताच्या या पाठशाळेला असा हातभार लागत होता. एकोणिसाव्या शतकात मुंबईचे विद्वान डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख अभ्यासकांसमोर आणला.

पाटणचा मठ आज नाही. ग्रंथ मात्र उरले. शाहजहानच्या काळात ‘बीजगणिता’चा फारसी अनुवाद झाला आणि १८१७ मध्ये कोलब्रुक यांनी ‘लीलावती’ व ‘बीजगणित’ यांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. संस्कृतातून फारसीत, फारसीतून व संस्कृतातून इंग्रजीत असा प्रवास करत सह्याद्रीच्या कुशीतले हे ज्ञान जगभर पोहोचले. एखाद्या राशीचे अवयव पाडून तिला संक्षिप्त रूप देताना आपणही त्याच परंपरेतील विद्यार्थी ठरतो.

शब्दार्थ
अव्यक्त – अज्ञात, प्रकट नसलेले
पूर्वसूरी – आधीच्या काळातील विद्वान
कृपण – कंजूष
द्रम्म, पण, काकिणी – जुन्या काळातील नाणी
दंडक – पक्का नियम
आख्यायिका – परंपरेने चालत आलेली कथा

स्वाध्याय
१. भास्कराचार्यांना विज्जडविड व पाटण या स्थळांशी जोडणारी माहिती तुमच्या शब्दांत लिहा.
२. ‘भास्कराचार्यांचा नियम अपुरा होता, पण त्यांनी विचारलेला प्रश्न अचूक होता’, या विधानाचा आशय स्पष्ट करा.
३. पाटणच्या मठाला बाजारातील उत्पन्न दिले गेले. यावरून त्या काळच्या समाजाची शिक्षणाविषयीची कोणती दृष्टी दिसते?
४. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यात उपयोग करा : बगल देणे, हातभार लागणे, स्तोम माजवणे.
५. (यवर्ग − ९) ÷ (य + ३) या राशीला संक्षिप्त रूप द्या. ‘य’ची कोणती किंमत येथे चालणार नाही, ते कारणासह लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे
१. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय.
२. ज्या राशीचा छेद शून्य आहे, ती राशी.
३. एक कवडी.