बर्फाच्या डब्यातला गिनीपिग आणि तुमच्या ॲपमधली कॅलरी

फिटनेस ॲप म्हणतं, आज इतक्या कॅलरीज 'बर्न' केल्या. बर्न म्हणजे जाळल्या. पण पोटात कुठे आग लागलेली असते? मित्रांनो, हा शब्द उगाच आलेला नाही. शरीरातलं हे जळणं पॅरिसमधल्या एका माणसाने अठराव्या शतकात चक्क बर्फ वितळवून मोजलं होतं. त्याचं नाव अँटोनी लॅव्हॉझिए. शाळेत तो ऑक्सिजनच्या धड्यात भेटतो, पण मला त्याचं हे काम जास्त भारी वाटतं.

जन्म १७४३ चा. शिक्षण वकिलीचं, ओढ रसायनाची. १७६८ मध्ये त्याने राजासाठी कर वसूल करणाऱ्या एका खासगी कंपनीत भागीदारी घेतली. नफा बक्कळ, आणि लोकांचा रागही तेवढाच. त्या पैशातून त्याने अतिशय अचूक तराजू बनवून घेतले. पत्नी मारी-आन इंग्रजी शिकली, त्याच्यासाठी भाषांतरं करायची, उपकरणांची चित्रं काढायची.

१७८२-८३ च्या हिवाळ्यात गणितज्ञ लाप्लासला सोबत घेऊन त्याने एक उपकरण वापरलं. एकात एक तीन कप्पे. आतल्या जाळीत प्राणी किंवा पेटता कोळसा, मधल्या कप्प्यात बर्फ आणि बाहेरच्या कप्प्यातही बर्फ. बाहेरचा बर्फ खोलीची उष्णता अडवायचा. त्यामुळे मधला बर्फ वितळणार तो फक्त आतल्या उष्णतेने. तोटीतून येणारं पाणी गोळा करायचं आणि वजन करायचं. थर्मामीटर वाचायचीही गरज नाही!

आत ठेवलेल्या गिनीपिगने १० तासांत १३ औंस बर्फ वितळवला, म्हणजे आजच्या मापाने साधारण ४०० ग्रॅम. एक ग्रॅम बर्फ वितळायला सुमारे ८० कॅलरी लागतात. गुणाकार करा: ३२,००० कॅलरी, म्हणजे ३२ किलोकॅलरी. बिस्किटाच्या पुड्यावर केकॅल लिहिलेलं असतं ते हेच एकक. दोन छोटे चमचे साखरेत साधारण एवढीच ऊर्जा असते.

खरी गंमत पुढे आहे. गिनीपिग श्वासातून किती कार्बन डायऑक्साइड सोडतो तेही त्याने मोजलं. मग तेवढाच वायू तयार होईल इतका कोळसा जाळला तर किती बर्फ वितळेल, याचा हिशोब केला. आकडे तंतोतंत जुळले नाहीत, पण बरेच जवळ आले. म्हणजे श्वसन हे एक संथ ज्वलन आहे. जुने रासायनिक बंध तोडायला ऊर्जा लागते, नवे जुळताना ऊर्जा सुटते. सुटलेली जास्त असेल तर उरलेली उष्णता म्हणून बाहेर पडते. हीच उष्मादायी अभिक्रिया.

या दोघांनी आणखी एक नियम मांडला: पदार्थ तयार होताना जेवढी उष्णता सुटते, तो मोडायला तेवढीच द्यावी लागते. फोन चार्ज करताना आपण बॅटरीतली अभिक्रिया उलटी फिरवतो, तेव्हाही घातल्यापेक्षा जास्त ऊर्जा परत मिळत नाही. फुकट चार्जिंगचे व्हिडिओ फॉरवर्ड करणाऱ्या काकांना हे जरूर सांगा.

एक गोष्ट मात्र त्याची साफ चुकली. उष्णता हा वजन नसलेला पदार्थ आहे, असं तो मानायचा. त्याला नाव दिलं कॅलॉरिक, आणि १७८९ च्या पुस्तकात ते थेट मूलद्रव्यांच्या यादीत घातलं. मोजमापाचं मात्र त्यामुळे काही बिघडलं नाही, कारण वितळलेलं पाणी तेवढंच भरतं, उष्णता म्हणजे काहीही माना.

त्याच वर्षी फ्रान्समध्ये क्रांती झाली. ज्या कंपनीच्या पैशावर प्रयोगशाळा उभी होती, तीच आता गुन्हा ठरली. ८ मे १७९४ ला एकूण २८ करवसुली भागीदारांना गिलोटिनवर नेलं. त्यात लॅव्हॉझिए होता, आणि मारी-आनचे वडीलही. तो ५० वर्षांचा होता.

मारी-आनने पुढे त्याचे राहिलेले शोधनिबंध छापले आणि काही वर्षांनी दुसरं लग्न केलं. नवरा होता काउंट रम्फर्ड. तोफेच्या नळीला भोक पाडताना घर्षणातून उष्णता निघतच राहते, संपत नाही, हे दाखवून कॅलॉरिकच्या कल्पनेला धक्का देणारा हाच तो माणूस. ते लग्न फार टिकलं नाही.