मायकेल फॅरेडे : टेम्स नदीवर तार टाकणारा शास्त्रज्ञ

दहावीच्या विज्ञानात 'विद्युतधारेचे परिणाम' शिकवताना मायकेल फॅरेडे यांचं नाव येतं. मुलं नियम पाठ करतात आणि पुढे जातात. त्यांच्या फसलेल्या एका प्रयोगाबद्दल मात्र वर्गात फारसं बोललं जात नाही.

फॅरेडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळ न्यूइंग्टन येथे झाला. वडील लोहार, घरची गरिबी. शाळा म्हणजे लिहिणं-वाचणं आणि थोडीफार आकडेमोड, बस्स. चौदाव्या वर्षी ते जॉर्ज रिबो यांच्या दुकानात पुस्तकबांधणी शिकायला राहिले. बांधायला आलेली पुस्तकं हा मुलगा वाचूनच काढायचा! १८१२ मध्ये एका गिऱ्हाइकाने त्यांना हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. फॅरेडे यांनी ऐकलेलं सगळं नीट लिहून काढलं, स्वतःच त्याचं पुस्तक बांधलं आणि डेव्हींना पाठवून दिलं. मार्च १८१३ मध्ये ते रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनीस झाले. वहीला कव्हर घालताना कुरकुरणाऱ्या मुलांना हे जरूर सांगावं.

पुढचं ठाऊकच आहे. २९ ऑगस्ट १८३१ रोजी त्यांना विद्युतचुंबकीय प्रवर्तन सापडलं. चुंबकीय क्षेत्रातून वाहक हलला की त्यात विभवांतर तयार होतं. मग फॅरेडे यांना वाटलं, नदीचं पाणीही वीज वाहून नेतं, ते वाहतंही आहे आणि पृथ्वी तर स्वतःच चुंबक आहे. म्हणजे नदीच्या दोन काठांमध्ये वीज मिळायलाच हवी!

जानेवारी १८३२ मध्ये ते लंडनच्या वॉटर्लू पुलावर गेले. कठड्यावरून ९६० फूट तांब्याची तार टाकली, दोन्ही टोकांना धातूचे पत्रे लावून ते पाण्यात सोडले आणि मध्ये गॅल्व्हानोमीटर जोडला. सुई हलली, पण कशीही. दोन काठांच्या पाण्याची शुद्धता वेगळी, तापमान वेगळं, पत्र्यांत आणि डाखात बारीक फरक. हे सगळं आपापली वीज तयार करत होतं. हिशेब करून पाहा : पाण्याचा वेग सेकंदाला एक मीटर धरला, तरी पृथ्वीच्या क्षीण क्षेत्रामुळे एवढ्या लांबीत जेमतेम दहा-पंधरा मिलिव्होल्ट मिळतात. त्या गोंधळात ते हरवले. फॅरेडे यांनी मात्र हे लपवलं नाही. रॉयल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात अपयश कारणांसकट मांडलं. माझ्या मते प्रयोगवही कशी लिहावी याचा इतका चांगला नमुना दुसरा नाही.

२५ ऑगस्ट १८६७ रोजी ते वारले. कल्पना मात्र बरोबर होती. १९३६ मध्ये अलेक्झांडर कोलिन यांनी याच तत्त्वावर रक्ताचा प्रवाह मोजण्याची पद्धत मांडली, आणि आज मोठ्या इमारतींच्या पाइपांवर असे मीटर बसतात. त्यातल्या एका प्रकारात पाइप कापावा लागत नाही. एक भोक पाडून दांडा आत सरकवायचा, झालं. दांड्याच्या टोकाशी वेटोळं आणि दोन इलेक्ट्रोड असतात. मीटर पाण्याचा वेग सांगतो. त्याला पाइपच्या छेदाच्या क्षेत्रफळाने गुणलं की प्रवाह मिळतो. एसीच्या थंड पाण्याच्या जाणाऱ्या आणि परतणाऱ्या पाइपांतल्या तापमानाचा फरक घेतला, की किती उष्णता वाहून नेली तेही कळतं. फिरणारं चक्र नाही, त्यामुळे झिजायलाही काही नाही.

आणि पुलावरचा तो गोंधळ? मीटर स्वतःच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा सारखी उलटसुलट करतो. प्रवाहामुळे येणारी वीज त्याबरोबर उलटते, पत्र्यांमुळे येणारी उलटत नाही. म्हणून दोन्ही वेगळ्या ओळखता येतात. फक्त दांड्याच्या आधी पाइप बराच लांब सरळ हवा, नाहीतर वळणावर घुसळलेलं पाणी चुकीचा वेग दाखवतं. आणि पाण्यात थोडे तरी क्षार हवेत. शुद्ध डिस्टिल्ड पाण्यापुढे हा मीटर गप्प बसतो.